माय थोर, पण तिचं बाळपण कुठाय?

आपल्या कवितेत माय फार झाली. कुठल्याबी संमेलनात जा, जयंतीच्या स्टेजखाली जाऊन बसा, निम्मे कवी मायवर बोलतात. तिच्या टाचांच्या भेगा, लुगड्याला घातलेले दंड, पोट मारून भरवलेला घास. टाळ्या पडतात, पदर डोळ्याला लागतात. मी बी टाळ्या वाजवते, कारण त्या भेगा खोट्या नाहीत. पण टाळी वाजवताना एक सवाल डोक्यात वळवळत राहतो. ही माय काय मायच जन्माला आली? तिला बाळपण होतं का नव्हतं? असलं तर कुठं गेलं, कुणी खाल्लं? आणि जिला स्वतःला कधी कुणी मांडीवर घेतलं नाही, ती पुढं आपल्या लेकराला मांडीवर घेते ती कशी घेते? घेते तरी का?

हा सवाल आपल्या समीक्षेनं विचारलेला मला दिसला नाही. प्रस्थापित मासिकांतले समीक्षक दलित आत्मकथन हातात घेतात तवा त्यांना 'दाहक अनुभव' पाहिजे असतो. चटका बसला की त्यांचं काम झालं, मग ते हात धुवून जेवायला बसतात. आपले समीक्षक वेदना, विद्रोह आणि नकार असे तीन शिक्के घेऊन बसलेत. पान उलटायचं की शिक्का मारायचा. गावानं काय केलं ते सगळे वाचतात, आणि ते वाचलंच पाहिजे. पण गावानं जे केलं ते आमच्या घरात, चुलीपाशी, पाळण्यापाशी येऊन पुढं काय झालं, तिथं आमची समीक्षा उंबऱ्याबाहेरच उभी राहते. घरातली लाज बाहेर काढायची नाही हा संस्कार समीक्षकालाबी आहेच की.

मी सूतगिरणीत रिंग खात्यात साच्यावर उभी असते. तुटलेलं सूत सांधायचं हे माझं काम. साच्यावर सूत जास्त तुटायला लागलं की पहिली बोलणी आम्हा बायांना बसतात. हात चालत नाही, लक्ष नाही, गप्पा मारता. पण ज्यानं खातं पाहिलंय त्याला माहीत असतं की बऱ्याच वेळा दोष मागच्या खात्यातनं आलेला असतो. कापूस नीट साफ झालेला नसतो, पेळू कुठं जाड कुठं बारीक आलेला असतो. तो दोष आमच्या साच्यावर येऊन दिसतो एवढंच. आईच्या बाबतीत मी जे पुढं म्हणणार आहे ते समजायला मला कुठलं पुस्तक लागलं नाही, हे खातंच पुरलं. पुस्तकं मागनं वाचली.

पहिल्यांदा एका पुस्तकाचा हिशोब करू, मग आपल्याकडं येऊ. साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात 'श्यामची आई' लिहिलं, १९३५ ला ते छापून आलं, १९५३ ला अत्र्यांनी सिनेमा काढला. आई कशी असावी याचं माप मराठी माणसाला त्या पुस्तकानं घालून दिलं. मला गुरुजींचा राग नाही. पंढरपूरचं देऊळ आपल्यासाठी उघडावं म्हणून १९४७ ला ते उपाशी बसले होते, हे मी विसरत नाही. त्या घरालाबी गरिबी आली, कर्ज आलं, अपमान आला. पण त्या माऊलीला लेकराजवळ बसून चार गोष्टी सांगायला संध्याकाळ होती, आणि ऐकायला ते पोर घरात होतं. आपल्या आयांकडं संध्याकाळच नव्हती. मग आपल्या कवीनं काय केलं? त्यानं तीच आई उचलली, तिला फाटकं लुगडं नेसवलं, डोक्यावर पाटी दिली आणि ही आमची माय म्हणून स्टेजवर उभी केली. आतली बाई तीच राहिली. सोसणारी. आणि स्टेजवर ती कधी चिडली नाही, कधी तिनं हात उगारला नाही. दोस्तांनो, खरं सांगा, तुमची माय कधी चिडली नाही? चुलीतलं लाकूड कधी उगारलं नाही? तुम्ही रडत होता आणि ती भिंतीकडं तोंड करून पडली होती, असं कधी झालं नाही?

आपल्या बायांनी मात्र हे लिहून ठेवलंय, आणि ते आपण नीट वाचलेलं नाही.

बेबीताई कांबळेंचं 'जिणं आमुचं' घ्या. १९८२ ला 'स्त्री' मासिकातनं क्रमशः आलं, १९८६ ला पुस्तक झालं. त्यात आषाढातली धमाल आहे, पोतराज आहे, अंगात येणं आहे, मेलेल्या ढोराची वाटणी आहे, बाबासाहेबांचा आवाज ऐकून उठलेला महारवाडा आहे. समीक्षकांनी त्याला समाजाचं आत्मकथन म्हटलं, ते बरोबरच आहे. पण मला त्यातली कोवळ्या सुनांची पानं पुनःपुन्हा वाचाविशी वाटतात. आठ-नऊ वर्षांची पोर सासरी येते. मध्यरात्र सरते न सरते तोवर सासू तिला जात्यावर बसवते. पीठ झालं की परातीत ढीग पुढ्यात आणि भाकरी थाप म्हणायचं. ज्या हातात अजून सागरगोटे मावत नाहीत त्या हातानं भाकरी कशी थापली जाणार? ती वाकडी होते, तुटते, करपते. मग सासू आळीतल्या बायांना बोलावून ती भाकरी दाखवते आणि पोरीच्या आईचा उद्धार करते. पोर पळून गेली तर धरून आणायची आणि पायात लाकडाचा खोडा घालायचा. सासूनं लेकाचे कान भरले तर प्रकरण नाक कापण्यापर्यंत जायचं. हे सगळं बेबीताईंनी न लाजता, न दबता लिहिलंय.

आणि पुढं ती पोर बाळंत होते. अंगावर मांस नाही, पोटात अन्न नाही, अडलेल्या बाळंतिणीवर सुइणींचे मळके हात. बाळंत झाल्यावर खायला घरात काय नाही. भूक मारायला पोट आवळून बांधून पडून राहायचं. पोर मेलं तर मेलं, जगलं तर जगलं. आता त्या जगलेल्या लेकराला ही तेरा-चौदा वर्षांची आई काय देणार? दूध नाही. निवांतपणा नाही. कौतुक करायचं कसं असतं ते तिनं कधी पाहिलेलं नाही, कारण तिचं कुणी केलं नाही.

बेबीताईंची खरी ताकद मला इथं दिसते की त्या सासूला नुसती कजाग म्हणून सोडून देत नाहीत. त्या कारण सांगतात. सगळं गाव ज्यांना गुलाम समजायचं त्या माणसांनासुद्धा हुकूम चालवायला कोणतरी पाहिजे होतं, आणि हाताशी होती ती परक्याची पोर. सासूबी एके काळी अशीच जात्यावर बसलेली पोर होती. गुलामाला गुलाम लागतो, हा शोध बेबीताईंनी फलटणच्या आपल्या दुकानात बसून लावला. आमच्या वाचनमंडळात मी हा भाग मोठ्यानं वाचला तवा नव्या लग्नाच्या पोरी सासूला शिव्या घालायला लागल्या. एक म्हातारी मावशी तेवढी गप होती. शेवटी म्हणाली, "ती सासू तरी भाकरी कुणाच्या मांडीवर बसून शिकली होती गं?" माझ्या मते या पुस्तकावरची एवढी चांगली समीक्षा छापून आलेली नाही.

एक हिशोब बघा. शारदा कायदा १९२९ सालचा, लागू झाला १९३० ला. मुलीच्या लग्नाला किमान १४ वर्षं. बेबीताई जन्मल्या १९२९ ला, आणि त्यांचं लग्न झालं तेराव्या वर्षी. म्हंजे कायदा आणि ही पोर बरोबरच वाढले, आणि तेरा वर्षांत कायद्याला महारवाड्याचा रस्ता सापडला नाही. बाकी तालेवारांच्या घरातबी तो कितीसा पोचला होता म्हणा.

पण याच पुस्तकात एक मोठी गप्प जागा आहे. बेबीताई 'आम्ही' म्हणतात, 'आमच्या बाया' म्हणतात. 'मी' फार थोडं म्हणतात. आपल्या संसाराबद्दल, आपल्या बाळंतपणांबद्दल जवळजवळ नाहीच. नवऱ्याच्या धाकानं हे लिखाण त्यांनी वीस वर्षं लपवून ठेवलं होतं. माया पंडितांनी त्यांचं पुस्तक इंग्रजीत केलं, २००८ ला, त्यातल्या मुलाखतीत त्या नवऱ्याच्या संशयाबद्दल आणि मारहाणीबद्दल बोलल्या. मग पुस्तकात का नाही? तर समाजाचं दुःख तेच आपलं दुःख, असं त्यांचं म्हणणं. मी त्यांच्यापुढं मान वाकवते. तरी समीक्षा करायची म्हणून विचारते, समाजाचं दुःख एवढं मोठं का असावं की त्यात एका बाईला आपलं रडू ठेवायला जागा उरू नये? आणि ही शिस्त बायांनाच कुणी लावली? पुरुषांनी आपापलं 'मी' चांगलं तीनतीनशे पानं लिहिलंय.

इथं मला एका परक्या बाईचं ऐकवायचंय. अमेरिकेत सेल्मा फ्रेबर्ग नावाची एक बाई होती. आयांच्या आणि तान्ह्या बाळांच्या मनाचं काम करायची. १९७५ ला तिनं आपल्या दोन सहकारी बायांबरोबर एक लेख लिहिला. नावाचं मराठी करायचं तर 'बाळाच्या खोलीतली भुतं'. मला तो आमच्या मंडळातल्या एका नर्सबाईनं ओळ न् ओळ समजावून सांगितला. गोष्ट अशी की एक आई आहे, तिचं बाळ केकाटून रडतंय, आणि ती तशीच बसलीय. जणू कानावर काही पडतच नाही. ती दुष्ट नाही. ती लहान असताना तिचं रडणं कुणी ऐकलं नव्हतं. या बायांनी तिला तिचं जुनं बोलू दिलं, रडू दिलं, आणि मग ती उठून आपल्या बाळाला उराशी धरायला लागली. लेखातली मला सगळ्यात मोलाची वाटलेली गोष्ट ही, की लहानपणी छळ झालेला प्रत्येक माणूस पुढं छळ करत नाही, खूप जण करत नाहीत. फरक कुठं पडतो? काय घडलं ते पुष्कळांना आठवतं. पण तवा आत काय वाटलं होतं, ती भीती, तो एकटेपणा, तो ज्याला आठवतो तो आपल्या लेकरावर ते येऊ देत नाही. ज्यानं ती दुखरी जागा बुजवून टाकली, त्याच्या हातनं तेच परत घडतं.

हे माप घेऊन आपली आत्मकथनं परत वाचून बघा. घटना आपल्याकडं रग्गड आहेत. कुणी कधी मारलं, काय खाल्लं, कुठं हाकललं, सगळं तारीखवार. पण त्या घटनेतलं लेकरू आत काय झालं होतं, ते किती ठिकाणी सापडतं?

एका ठिकाणी सापडतं ते किशोर शांताबाई काळेंच्या 'कोल्हाट्याचं पोर' मध्ये, १९९४. तमाशातल्या नाचणारणीचं पोर, बापाचं नाव नाही. आई एका माणसाबरोबर संसाराच्या आशेनं निघून जाते आणि हे पोर आजोबाच्या घरात राहतं. घर बायांच्या नाचावर चालतं आणि पुरुष बसून खातात. पोरानं राबायचं, मार खायचा, वर शाळा शिकायची. जिजी नावाची एक म्हातारी तेवढी त्याला जीव लावते. पानापानावर ते पोर आईची वाट बघतंय. पुढं डॉक्टर झालं तरी वाट बघायचं थांबत नाही. पुस्तकावर खूप लिहून आलं, पण ते सगळं पोराकडून. मला आईकडून वाचायचंय. ही शांता कोण होती? शाळेत चांगली चाललेली पोरगी. बापानं शाळेतनं काढून पायात चाळ बांधले, कारण तिच्या पायावर घर जगणार होतं. ज्या वयात तिनं पाढे म्हणायचे त्या वयात तिची किंमत ठरली. तिचं बाळपण तिच्या बापानं खाल्लं, जातपंचायतीनं खाल्लं, बैठकीला येणाऱ्या बड्या लोकांनी खाल्लं. मग ती पळाली त्यात नवल काय? पोर मागं ठेवून पळाली हे दुःख आहेच, पोराचा राग खरा आहेच. पण पोराला टाकणारी आई एवढंच वाचून पुस्तक मिटणारा वाचक त्या आजोबाला फुकट सोडतो. किशोर काळे स्वतः सोडत नाहीत, हे त्यांचं मोठेपण. त्यांनी आपल्या नावात आईचं नाव लावलं. आईबद्दलची तक्रार आणि आईचं नाव एकाच मुखपृष्ठावर आहेत. २००७ ला ते अपघातात गेले, नाहीतर त्यांच्या हातनं शांताबाईंची बाजूबी आली असती असं मला उगाच वाटत राहतं.

शरणकुमार लिंबाळेंच्या 'अक्करमाशी' त, १९८४, असाच सवाल आईला विचारलेला आहे, मला जन्माला का घातलं म्हणून. फार आग आहे त्यात. पण मसामायची आधीची दोन लेकरं पहिल्या नवऱ्याकडं राहिली, तिच्यापासनं तुटली, हे त्याच पुस्तकात आहे आणि आपण ते भरभर वाचून पुढं जातो. ज्या बाईची दोन लेकरं जातीच्या कायद्यानं ओढून नेली, ती पुढच्या लेकरांना कुठल्या काळजानं जवळ घेणार? त्या पोराला खरी आई भेटली ती संतामाय, आजी, आणि तिच्याबरोबर राहणारा मुसलमान दस्तगीर. रक्ताचं नातं नसलेल्या माणसानं त्या पोराला सावली दिली. 'बलुतं' मध्ये दया पवार स्वतःला दोन भागांत फाडून बोलतात, तो प्रामाणिकपणा १९७८ ला कुणाकडं नव्हता. पण सईला संशयावरून सोडल्यावर तिचं पुढं काय झालं ते आपल्याला तिच्या तोंडून कधीच कळत नाही. एवढंच म्हणते आणि पुढं जाते.

आता कुणी शिकलेला मित्र म्हणेल की यावर शास्त्रीय अभ्यास झालाय. झालाय. १९९८ ला अमेरिकेत साडेनऊ हजारांवर माणसांचा एक अभ्यास छापून आला. लहानपणी मार, घरात दारू, आईला मारहाण असं जेवढं जास्त, तेवढे मोठेपणी हृदयविकार, व्यसन, उदासी, जीव द्यायचे प्रयत्न जास्त, असं त्यात निघालं. चांगला अभ्यास आहे. पण ही सगळी माणसं विमा उतरवलेली, दवाखान्यात तपासणीला येणारी, बहुतेक गोरी आणि शिकलेली. त्यांना विचारलेले सवाल घरातले. बाप दारू पितो का, हे विचारलं. बापाला दिवसभर कोण कुठल्या नावानं हाका मारतं, हे कुणी विचारलं नाही. आईला मारहाण होते का, हे विचारलं. आई बाळंतपणानंतर कितव्या दिवशी रानात गेली, हे नाही. म्हणून तो अभ्यास आपल्याकडं आणताना जसाच्या तसा आणू नका. नाहीतर सगळं खापर परत त्याच बाईच्या डोक्यावर फुटेल, आणि वर शास्त्राचा शिक्का असेल. मागच्या खात्यातला दोष साच्यावरच्या बाईच्या नावावर लिहायला मालकाला सोयीचंच असतं.

उर्मिला पवारांचं 'आयदान', २००३, मला या सगळ्यात वेगळं वाटतं. बाप मास्तर होता, तो पोरगी लहान असतानाच गेला. आई दिवसभर आयदानं विणत बसायची. गप्प, करडी. पोरीला टोपल्या घेऊन वरच्या आळीला धाडायची, पोरगी लाजेनं अर्धी व्हायची. मांडीवर घेणारी ही आई नाही. पण एक प्रसंग आहे. शाळेत शेण काढायचं काम मास्तरानं हिच्यावर टाकलं, हिनं नकार दिला, मास्तरानं गालावर मारलं. आईनं वळ पाहिला आणि ओट्यावर विणता विणता त्याच मास्तराला रस्त्यात गाठून जाब विचारला. मी विधवा बाई, पोरांना शिकवायला जीव काढते, आणि तू माझ्या पोरीला मारतोस, असा एकूण सूर. त्यानंतर त्या पोरीच्या अंगात काय बळ आलं ते पुढच्या सगळ्या पुस्तकात दिसतं. आईनं मुका घेतला नाही, पण पोरीच्या बाजूनं उभी राहिली. मला वाटतं, अशा एका वेळेला दहा वर्षांची हेळसांड थोडी मागं हटते. आपल्या पुष्कळ आयांची माया अशीच होती, हातात कोयता घेऊन दारात उभी राहिलेली. ती श्यामच्या आईच्या मापात मोजता येत नाही. आणि उर्मिलाताई पुढं स्वतः आई झाल्यावर शिक्षण, चळवळ, लिखाण करताना घरात काय ऐकून घेत होत्या, तरुण मुलगा गेल्यावर काय उरलं, हेसुद्धा त्यांनी लपवलेलं नाही. 'आम्ही' मध्ये 'मी' हरवू न देता लिहिलंय.

आता जरा नाजूक जागी हात घालते. रमाईवरची आपली गाणी. रमाई म्हणजे त्याग, रमाई म्हणजे गोवऱ्या, रमाई म्हणजे पैशाला पैसा जोडून साहेबांना शिकवणारी. मलाबी ती गाणी पाठ आहेत. पण आईबाप लहानपणीच गेलेली एक पोर, नातेवाइकांच्या आसऱ्याला मुंबईत आलेली, १९०६ ला नऊएक वर्षांची असताना बोहल्यावर चढलेली. पुढं गंगाधर, रमेश, इंदू, राजरत्न अशी चार लेकरं तिनं मातीआड केली. १९३५ ला गेली तवा चाळिशीबी गाठलेली नव्हती. यात बाळपण कुठं होतं? या बाईनं शोक कधी केला, कुणापाशी केला? आपण तिला एवढ्या लवकर देव्हाऱ्यात बसवली की रडायला तिला कोपरा ठेवला नाही. बाबासाहेबांनी मात्र तो शोक दडवला नव्हता. राजरत्न गेल्यावर त्यांनी मित्राला लिहिलेल्या पत्रात बापाचं मोडलेलं काळीज उघडं दिसतं. त्यांची स्वतःची आई ते पाचएक वर्षांचे असताना गेली, आणि मीरा आत्यानं सांभाळलं. आई नसलेलं पोर कशावर जगतं हे त्यांना पुस्तकातनं कळायची गरज नव्हती.

म्हणूनच त्यांचं यावरचं बोलणं मायेच्या गोष्टींत अडकत नाही, सरळ व्यवस्थेला हात घालतं. १९२८ ला मुंबई कौन्सिलात कामगार बायांच्या बाळंतपणाच्या बिलाच्या बाजूनं ते बोलले. बाळंतपणाच्या आधी आणि नंतर आईला विसावा मिळणं हे देशाच्या हिताचं आहे, आणि त्याचा भार मालकानं आणि सरकारनं उचलावा, असं म्हणणं. १९२९ ला तो कायदा झाला. आणि २० जुलै १९४२ ला नागपूरला बायांच्या परिषदेत ते म्हणाले ते घराघरात लावायच्या लायकीचं आहे. पोरींच्या लग्नाची घाई करू नका. फार पोरं होऊ देऊ नका. आईबापांनी जिथनं सुरुवात केली त्याच्या पुढनं लेकराची सुरुवात व्हावी, हे आईबापाचं कर्तव्य. बघा, तिकडं हजारो बायांपुढं हे बोलणं चाललं होतं, त्याच सुमाराला तेरा वर्षांच्या बेबीचं लग्न लागत होतं. आपल्याच चळवळीत, आपल्याच वस्तीत. आवाज पोचायला वेळ लागतो. तो किती लागला, आणि मधल्या काळात किती पोरी जात्यावर बसल्या, याचा हिशोब आपल्या साहित्यात यायला पाहिजे.

तो अजून संपलेला नाही. १९४८ च्या फॅक्टरी कायद्यात कामगार बायांच्या सहा वर्षांखालच्या लेकरांसाठी पाळणाघर लिहिलं गेलं. बाळंतपणाची रजा २०१७ च्या दुरुस्तीनं पहिल्या दोन लेकरांना २६ आठवडे झाली. कागद चांगलाच आहे. मी आधी ज्या गिरणीत होते तिथं पाळणाघराची पाटी होती, आत बारदान आणि मोडक्या कांड्या. रजा कायम बाईला, आणि आम्ही कंत्राटी. आमच्या खात्यातल्या बायांची तान्ही पोरं कोण सांभाळत होतं? नऊ-दहा वर्षांची मोठी बहीण. शाळा सोडून. ऊसतोडीच्या फडावर बघा, कोपीत तान्हं घेऊन बसलेली तीच पोरगी दिसते. पाचट पेटू नये म्हणून लक्ष ठेवते, बाळ रडलं की साखरेचं पाणी पाजते, चिडली की त्याला एक चापट लावते. आई फडातनं परत आल्यावर बाळ रडलेलं का म्हणून तिलाच बोलणी. ती पोरगी आत्ताच आई झालीय. पाच-सहा वर्षांनी तिला खरंखुरं लेकरू होईल, आणि वीस वर्षांनी तिचा मुलगा स्टेजवर येऊन मायच्या भेगांची कविता म्हणेल.

पुढच्या अंकासाठी संपादकांकडं मी पाच पानं मागून ठेवलीत. मायवरची कविता धाडू नका, ती ढीगभर आहे. आपापल्या आईला, आजीला, मावशीला विचारून लिहून आणा. तू लहान होतीस तवा तुला कोण सांभाळायचं? तू रडायचीस तवा कोण यायचं? पहिलं बाळ झालं तवा तुझं वय काय होतं, आणि त्या दिवशी तू काय खाल्लंस? तिच्या शब्दात लिहा, शुद्धलेखन आम्ही बघू. ती गप्प बसली तर ती गप्प बसली एवढं लिहा, आणि किती वेळ बसली तेबी लिहा. पोरांनो, बहिणीनं तुम्हाला कडेवर घेऊन सांभाळलं असेल तर ती तवा कितवीत होती ते आठवून बघा. मजकूर महिन्याच्या पंधरा तारखेच्या आत पाहिजे, स्टेन्सिल कापायला वेळ लागतो.